लिंबूवर्गीय-सागरी सुगंध : हा कोणत्या स्वभावाच्या माणसाचा?

सुरसागरकाठ (धागाकर्ती)

लिंबूवर्गीय फळांची साल आणि समुद्रावरचा खारा वारा या दोन कल्पनांवर उभारलेले, स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणून विकले जाणारे परफ्यूम आता बडोद्यातील कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते. आमच्या घरी अशी एक बाटली आहे आणि ती मी व माझे यजमान दोघेही वापरतो. बाटलीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एका कंपनीच्या मालाऐवजी या संपूर्ण प्रकारावर बोलणे व्हावे, अशी इच्छा आहे. प्रश्न असा, की हा सुगंध कोणत्या स्वभावाचे माणूस आपल्यासमोर उभे करतो?

जाहिरातींचे उत्तर ठरलेले असते. निळे पाणी, पांढरे सुती कपडे, विशी-पंचविशीतील चपळ देह आणि सतत चाललेले हसणे. मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण त्यात सुगंधाच्या पहिल्या दहा मिनिटांचाच विचार केलेला असतो. लावल्याबरोबर बर्गामॉट (एक लिंबूवर्गीय फळ), लिंबू आणि कडसर संत्र्याची साल एकदम उघडते, हे खरे; परंतु तो उत्साह लवकर ओसरतो. त्यानंतर एक ओलसर, खारट, कलिंगडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या गरासारखा हिरवट भाग येतो आणि तोच मुख्य काळ व्यापतो. दुपारनंतर त्वचेजवळ नाक नेले तरच कळेल असे कोरडे लाकूड आणि स्वच्छ कापडाचा वास शिल्लक राहतो.

या क्रमावरून मला दिसणारे माणूस चाळिशी ओलांडलेले आहे. भेटताच ते मोकळेपणाने बोलते, समोरच्याला अवघडू देत नाही, पण स्वतःविषयी फार सांगत नाही. ते खोलीत आल्याचे कळते. खोली व्यापून मात्र टाकत नाही. त्याच्या मोकळेपणामागे एक राखलेले अंतर आहे, आणि ते अंतर अहंकारातून आलेले नसून सवयीतून आलेले आहे. हे माणूस स्त्री असावे की पुरुष, हा प्रश्न मला पडतच नाही. आपल्याला कोण दिसते ते कृपया सविस्तर लिहावे.

रसायनवाला

सुरसागरताई, आपण ज्याला स्वभाव म्हणता, त्याचा बराचसा भाग रेणूंच्या वजनात दडलेला आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. माझी नोकरी नंदेसरीच्या परिसरातील कारखान्यांत झाली आणि सुगंधी द्रव्ये हा जुना आवडीचा विषय आहे.

संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. हा दहा कार्बन अणूंचा हलका रेणू आहे आणि तो त्वचेच्या उबेवर झपाट्याने उडून जातो. लिंबाचे लिंबूपण मुख्यतः सिट्रालमुळे जाणवते. तेही फार काळ टिकत नाही. बर्गामॉटची गोष्ट थोडी वेगळी आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रिया प्रांतात हे फळ प्रामुख्याने पिकते, त्याच्या सालीतून तेल दाबून काढतात आणि त्या तेलात लिमोनीनबरोबर लिनालिल ॲसिटेट भरपूर असते. या दुसऱ्या द्रव्यामुळे बर्गामॉट लिंबाइतका टोचत नाही. त्याला फुलांची आणि चहाची एक सौम्य बाजू मिळते. आपल्याला भेटताक्षणी जो आपलेपणा जाणवतो, तो बहुधा बर्गामॉटचा आहे, लिंबाचा नाही. निव्वळ लिंबाने सुरू होणारा सुगंध मला घाईत असलेल्या माणसाचा वाटतो.

समुद्राचा भाग कोणत्याही समुद्रातून येत नाही. 1966 साली फायझर या औषध कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती एक द्रव्य लागले, जे पुढे कॅलोन या नावाने ओळखले गेले. त्याला समुद्री वारा आणि कलिंगड असा दुहेरी वास आहे. काही तपकिरी समुद्री शेवाळे प्रजननासाठी जे सुगंधी हायड्रोकार्बन पाण्यात सोडतात, त्यांच्या वासाशी कॅलोनचे जवळचे नाते आहे. अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला ते कळते, म्हणून बनवणाऱ्याचा हात जरा सैल सुटला की संपूर्ण रचना त्याच्या ताब्यात जाते. 1988 नंतरच्या दशकात हे द्रव्य फार वापरले गेले. 1992 मधील इस्से मियाकेचे लो दिसे हे स्त्रियांसाठीचे आणि 1996 मधील अरमानीचे आक्वा दि जियो हे पुरुषांसाठीचे परफ्यूम त्या लाटेतील ठळक नावे होत. या दोन्हींच्या मध्ये, 1994 साली, आल्बेर्तो मोरियास आणि हॅरी फ्रेमाँ यांनी केल्विन क्लाइनसाठी सीके वन केले. त्यात सागरी भाग नाममात्र आहे, परंतु एकच बाटली दोघांसाठी हा विचार जगभरच्या दुकानांत रुजला तो त्याच्यामुळे.

शेवटी उरणाऱ्या कोरड्या भागात बहुधा ॲम्ब्रॉक्स या जातीचे द्रव्य असते. त्याच्या रेणूत सोळा कार्बन असल्यामुळे ते सावकाश उडते. पूर्वी हा वास स्पर्म देवमाशाच्या पोटात तयार होणाऱ्या अंबरपासून मिळत असे. आता क्लॅरी सेज या वनस्पतीतील स्क्लेरिऑलपासून तो कारखान्यात तयार करतात. आपल्या देशात अंबरचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे आणि तो बंद असणेच योग्य आहे.

तेव्हा आपण पाहिलेले माणूस मला मान्य आहे. सुरुवातीला हलके रेणू, मध्ये शेवाळाची छाया, शेवटी जड आणि अबोल द्रव्य. या क्रमातून कोणी धसमुसळे माणूस उभे राहू शकत नाही.

निशिगंध

मी या मताशी सहमत नाही आणि कारण स्पष्टपणे मांडते.

माझ्या पिढीने हा वास परफ्यूम म्हणून ओळखण्याआधी इतर शंभर ठिकाणी घेतला आहे. हॉटेलच्या प्रवेशदालनात, चकचकीत दुकानांत, गाडीत टांगलेल्या सुगंधी कागदात, पुरुषांच्या डिओडरंटमध्ये आणि फरशी पुसण्याच्या द्रवातही तोच लिंबू आणि तोच समुद्र असतो. ज्या वासाने सर्व जागा सारख्याच स्वच्छ करून टाकल्या, त्यातून एखादे विशिष्ट माणूस कसे दिसावे? मला तर त्यात माणसाची अनुपस्थिती जाणवते. नुकतीच आवरलेली, कोणीही राहत नसलेली खोली दिसते.

दोघांसाठी म्हणताना पुष्कळदा इतकेच केलेले असते, की स्त्रीचा म्हणून मानलेला फुलांचा भाग काढला, पुरुषाचा म्हणून मानलेला चामडे-तंबाखूचा भाग काढला, आणि जे उरले त्याला मोकळेपणा हे नाव दिले. दोन्ही बाजूंनी वजा करत गेल्यावर उरलेल्या गोष्टीला व्यक्तिमत्त्व म्हणता येईल का, याचा विचार व्हावा. सुरसागरताईंना जे राखलेले अंतर वाटते, ते मला बनवणाऱ्याचे धाडस कमी पडल्याचे लक्षण वाटते.

दांडियाबाजार

निशिगंध, तुमचा वजाबाकीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु तो अलीकडच्या दुकानांपुरता खरा आहे. दोघांनी एकच सुगंध लावणे ही आपल्याकडे मुळात नवी गोष्ट नाही.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत मी जे पाहत मोठा झालो, ते लिहितो. चैत्रातील हळदीकुंकवाला सवाष्णींच्या हातावर अत्तराची काडी फिरवली जाई आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाई. त्याच घरी मुंज किंवा लग्न असले की बाहेरच्या बैठकीत पुरुषांना अत्तर-गुलाब आणि पानसुपारी दिली जाई. अत्तरदाणी एकच असे. वाळा, हिना, मोगरा, केवडा यांपैकी जे घरात असेल ते आजोबांच्या कानातील फायात असे आणि आजीच्या मनगटावरही असे. मोगरा बायकांचा आणि वाळा पुरुषांचा, असे कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. ऋतू मात्र पाळले जात. उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना, हा भेद सर्वांना ठाऊक होता. म्हणजे आमच्याकडे सुगंधाची निवड देहाच्या लिंगावरून होत नसे. हवेवरून होत असे.

युरोपातही लिंबूवर्गीय सुगंधाची सुरुवात अशीच सामाईक आहे. जोव्हानी मारिया फारिना हा इटालियन गृहस्थ जर्मनीतील कोलोन शहरात स्थायिक झाला आणि 1709 पासून तेथे त्याच्या घराण्याचा व्यवसाय सुरू झाला. 1708 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या नव्या सुगंधाचे वर्णन केले आहे. पावसानंतरची इटलीतील वसंताची सकाळ, डोंगरातील नर्गिस आणि संत्र्याची फुले यांची आठवण करून देणारा, अशा आशयाचे ते वर्णन आहे. म्हणजे त्याने देशापासून दूर राहून आपली सकाळ बाटलीत भरली. ते सुगंधी पाणी राजेही वापरत आणि राण्याही वापरत. नेपोलियन तर ते भरमसाट वापरत असे. कपाटाचे स्त्रियांचे आणि पुरुषांचे असे दोन कप्पे करण्याचे काम पुढच्या काळातील बाजाराने केले.

म्हणून या सुगंधातील माणूस मला घर सोडून दुसऱ्या गावी स्थिरावलेले वाटते. त्याला आपल्या मूळ जागेची ओढ आहे, पण ती तो सतत बोलून दाखवत नाही. बडोद्यातील आपल्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडांच्या काळात इकडे आली आणि गुजरातीत व्यवहार, मराठीत स्वयंपाकघर अशी राहिली. राखलेले अंतर म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. निशिगंध, तुम्हाला जी रिकामी खोली दिसते, ती मला पाहुण्यासाठी आवरून ठेवलेली दिसते.

खंबाती_वारा

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु समुद्राविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोईला, मही नदीच्या मुखाजवळ, स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आहे आणि भरतीच्या वेळी तेथील शिवलिंग पाण्याखाली जाते. हे आखात जगातील मोठ्या भरती-ओहोटींच्या जागांपैकी एक आहे. तेथील पाणी निळे नसते. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे ते मातकट असते, आणि ओहोटीनंतर मैलभर चिखल उघडा पडतो. त्या किनाऱ्याचा वास मीठ, चिखल, कुजलेले शेवाळ आणि मासळी यांचा आहे. समुद्राजवळ गेल्यावर जो ओळखीचा गंधकी वास येतो, त्याचे एक मोठे कारण डायमिथाइल सल्फाइड हा वायू आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनी तयार केलेल्या द्रव्याचे जिवाणू विघटन करतात, तेव्हा तो निर्माण होतो. तो परफ्यूममध्ये कोणी मुद्दाम ठळकपणे घालणार नाही, हे उघड आहे.

बाटलीतील समुद्र हा भूमध्य समुद्राचा, उन्हात चमकणाऱ्या खडकाळ किनाऱ्याचा समुद्र आहे, जेथे लिंबाच्या बागा थेट पाण्यापर्यंत उतरतात. लिंबू आणि मीठ यांची जोडी तेथे भूगोलाने जुळवलेली आहे. आपल्याकडे ती जोडी ताटात भेटते, किनाऱ्यावर नाही. त्यामुळे येथील माणसाने हा सुगंध लावला तर तो एका न पाहिलेल्या किनाऱ्याची इच्छा अंगावर घेतो, असे मला वाटते. पाण्याची आपली खरी स्मृती पहिल्या पावसाच्या मातीची आहे, आणि कन्नौजचे कारागीर भाजलेल्या मातीवरून ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर करतात.

माझ्या मते यातील माणूस तरुणच आहे, पण जाहिरातीतले नाही. ते अजून कोठेही गेलेले नाही आणि जाण्याची तयारी करीत आहे.

सुरसागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दांडियाबाजारकाका, हवेवरून सुगंध निवडण्याची आपली आठवण वाचून मला स्वतःच्या निवडीचे कारण अधिक नीट कळले. मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर गेला की गोड आणि राळेसारखे जड सुगंध सहन होत नाहीत. दुपारी बसमध्ये किंवा कचेरीत शेजारच्या माणसाला आपला वास सोसावा लागू नये, ही काळजी ज्याला असते ते माणूस आपोआप या प्रकाराकडे वळते. इतरांच्या श्वासाचा विचार करणे हा स्वभावाचाच भाग आहे. निशिगंधला जे धाडस कमी वाटते, त्याला मी संयम म्हणेन, आणि संयमाला धाडसाहून कमी लेखण्याचे मला कारण दिसत नाही.

खंबाती_वारा यांच्या न पाहिलेल्या किनाऱ्याविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मीठ हे इच्छेचे चिन्ह मला वाटत नाही. घाम, अश्रू आणि समुद्र यांत मीठ सामाईक आहे, आणि म्हणून या सुगंधाचा मधला भाग मला दूरच्या किनाऱ्यापेक्षा माणसाच्या त्वचेजवळचा वाटतो. त्यातील उत्तम रचना तेथेच ओळखू येते. खारटपणा फळाच्या बाजूला झुकला तर तो शीतपेयासारखा होतो. त्वचेच्या बाजूला झुकला तर कोणीतरी खरे माणूस जवळ असल्याची जाणीव होते.

मकरपुरा_मार्ग

एक व्यावहारिक शंका. लिंबूवर्गीय सुगंध लावून उन्हात गेल्यास त्वचा काळवंडते, असे ऐकले आहे. मला दुचाकीवरून रोज दुपारी फिरावे लागते. हे कितपत खरे आहे?

रसायनवाला

खरे आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. दाबून काढलेल्या बर्गामॉट तेलात बर्गाप्टेन नावाचे फ्युरोकुमारिन असते. त्वचेवर ते असताना अतिनील किरण पडले तर लालसरपणा, भाजल्यासारखी जळजळ आणि नंतर दीर्घकाळ टिकणारे डाग येऊ शकतात. आता नामांकित कंपन्या बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल वापरतात किंवा त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली ठेवतात, त्यामुळे तयार परफ्यूमपासून धोका कमी असतो. घरी शुद्ध बर्गामॉट किंवा लिंबाचे तेल थेट अंगावर लावून उन्हात जाणे मात्र टाळावे. आपण दुपारी फिरता, तेव्हा गळ्यावर न लावता सदऱ्याच्या आतल्या बाजूला किंवा झाकलेल्या त्वचेवर लावावे. पांढऱ्या कापडावर आधी एका कोपऱ्यात लावून डाग पडतो का ते पाहावे.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. लिमोनीन हवेतील प्राणवायूने बिघडते आणि बिघडल्यावर तयार होणारी द्रव्ये काहींच्या त्वचेला त्रास देतात. बाटली खिडकीत किंवा गाडीत ठेवू नये. अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावी. सुरुवातीचा ताजेपणा जाऊन तेथे तेलकट, शिळ्या सालीसारखा वास येऊ लागला, की ती बाटली संपली असे समजावे.

निशिगंध

सुरसागरताई, त्वचेच्या आणि फळाच्या बाजूचा आपण केलेला भेद मला पटला, आणि त्यावरून माझा आक्षेप मी अधिक नेमका करू शकते. माझा विरोध लिंबाला किंवा मिठाला नाही. कडवटपणा काढून टाकलेल्या रचनांना आहे.

कडू संत्र्याच्या एकाच झाडाच्या फुलांतून नेरोली मिळते, पानांतून आणि कोवळ्या डहाळ्यांतून पेटिग्रेन मिळते, आणि सालीतून तेल मिळते. पेटिग्रेनमध्ये हिरवा, काष्ठमय, थोडा रुक्ष कडवटपणा असतो. तो ठेवला की सुगंधाला स्वतःचे मत असल्यासारखे वाटते. तो वगळून फक्त गोड संत्रे आणि कलिंगड ठेवले की हॉटेलचे प्रवेशदालन तयार होते. कोकणातल्या पाहुण्यांनी एकदा घरी महाळुंग आणले होते. त्याची साल चुरगळल्यावर जो तिखट-कडू, जवळजवळ औषधी वास आला, तो मला अजून कोणत्याही बाटलीत पूर्णपणे सापडलेला नाही. तसे काही मिळाले तर त्यात मला माणूस दिसेल. ते बोलण्यात स्पष्ट असेल, थोडे तुटकही असेल, आणि सर्वांना आवडण्याचा प्रयत्न करणार नाही. सर्वांना आवडावे हा हेतू ज्या सुगंधात जाणवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

आपल्या बाटलीत हा कडवटपणा आहे का? दोन तासांनंतर मनगटाचा वास घेऊन सांगाल का? लावल्याबरोबरच्या वासावरून हे ठरत नाही.

दांडियाबाजार

निशिगंध, जुन्या शहरातील अत्तरवाल्यांकडे कडू संत्र्याच्या फुलांचे अत्तर कधी कधी मिळते, ते अवश्य घेऊन पाहा. त्याच्यावर वाळ्याचा अगदी हलका हात लावला, तर तुम्ही म्हणता तो रुक्षपणा त्यात उतरतो. वाळ्याची मुळे मातीत वाढलेली असल्यामुळे त्यांच्या तेलात ओल असते, पण कलिंगड नसते. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना पाण्याचा हा वास निराळा शिकवावा लागत नाही.

सुरसागरकाठ

निशिगंध, आज सकाळी मुद्दाम आम्ही दोघांनी एकाच वेळी लावून पाहिले. माझ्या मनगटावर दोन तासांनंतर पानांचा कडवटपणा स्पष्ट होता, मीठ मागे होते आणि कलिंगड जवळजवळ नव्हते. यजमानांच्या मनगटावर मात्र कडवटपणा लवकर निघून गेला आणि खारट, कोरडा भागच पुढे आला. त्वचेची उष्णता आणि तेलकटपणा यांमुळे बाष्पीभवनाचा वेग बदलतो, हे रसायनवाला अधिक अधिकाराने सांगू शकतील. मला मात्र यातून एवढे दिसले, की आपण सर्वांनी मिळून वर्णन केलेले स्पष्ट बोलणारे आणि अंतर राखणारे माणूस हे एकाच रचनेतले दोन स्वभाव आहेत, आणि कोणाच्या अंगावर कोणता पुढे येईल हे बाटलीवर छापता येत नाही. आमच्या घरी तर ते अपेक्षेच्या उलट आले. यजमानांना ओळखणारे सर्व जण त्यांना फटकळ म्हणतात आणि मला अबोल.

दांडियाबाजारकाका, कडू संत्र्याच्या फुलांचे अत्तर आणि वाळा यांचे प्रमाण किती ठेवावे आणि ते आधी कापडावर पाहावे की थेट त्वचेवर, हे कृपया लिहावे. पुढच्या आठवड्यात मांडवीकडे जाणे आहे, तेव्हा दोन्ही आणीन.